ऑलिव्हची भिंत

कॉपिंग्ज फार्म हे घर सरळ उभं आहे, असं आमच्या गावात कुणी कधी म्हटलेलं नाही. रस्त्यावरून पाहिलं तर ते डावीकडे कललेलं दिसतं, अंगणातून पाहिलं तर उजवीकडे. आत गेलं की जमीन चुलीच्या दिशेने उतरत जाते. हातातून लोकरीचा गुंडा सुटला तर तो कुठे सापडेल हे घरच्यांना न बघता ठाऊक असे. रूबेन गॅरडला यात काही वावगं वाटत नसे. सुतारांनी चौकट उभी केली तेव्हा ओक ओला होता. पुढे शंभर वर्षं तो वाळत राहिला आणि वाळता वाळता त्याला सोयीचं वाटलं तसा बसला. "माणूस तरी दिवसभर राबल्यावर ताठ कुठे बसतो, बाई?" रूबेन मला म्हणायचा.

तो स्वतः चर काढणारा. पूर्व इंग्लंडातल्या आमच्या सफकच्या चिकणमातीत पाणी मुरत नाही, साचून राहतं. शेताच्या कडेचे चर दर हिवाळ्यात मोकळे केले नाहीत तर गव्हाची मुळं कुजतात. चाळीस वर्षं त्याने हे काम लांब दांड्याच्या फावड्याने केलं. यंत्रं आली तरी झुडपांतल्या, वळणाच्या जागी त्यालाच बोलावणं जाई. चराच्या काठावर उभा राहून तो नुसता बघत राही, मग म्हणे, "इथून नाही, तिकडून जाईल." आणि पाणी तिकडूनच जाई. बोलण्यात कंजूष, पण उद्धट नव्हे. मी शिकवायचे त्या शाळेच्या पटांगणात तळं साचायचं तेव्हा त्याने न सांगता येऊन एका सकाळी ते काढून दिलं होतं, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्यावर कानाच्या पाळ्या लाल करून निघून गेला होता.

घर त्याच्या वडिलांनी पहिल्या महायुद्धानंतर घेतलं, तेही दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या कुणा कॉपिंगचं नाव त्याला अजून चिकटलेलं होतं; गॅरड मंडळींनी ते बदलायची तसदी घेतली नाही. खाली गारगोट्यांचं गुडघाभर जोतं. जोत्यावर चारही बाजूंनी ओकची जाड तुळई आडवी निजवलेली. तिच्या खोबणींत खांबांची कुसं, म्हणजे तासलेली टोकं, बसवलेली, वर पुन्हा तुळया आणि त्यांवर छप्पर. खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. घराचा सारा भार खांबांवरून त्या निजलेल्या तुळईवर येतो. दोन खांबांमधल्या भिंतीवर मात्र भार नसतो. तो नुसता कूड: हेझलच्या झुडपाच्या काटक्या विणून त्यावर माती, गवत आणि शेण लिंपलेलं, वरून चुना. पाऊस आला की चुना भिजतो, वारा आला की वाळतो. चारशे वर्षं त्याचं हेच चाललं होतं.

ऑलिव्ह इप्सविच शहरातली. एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगेत, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या चुलींची ऊब घेत वाढलेली. आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आली, रूबेनने तळं काढलं त्या दिवशी तिनेच त्याला चहा नेऊन दिला, आणि पुढच्या वर्षी, एकावन्न साली, त्यांनी लग्न केलं. तो त्रेचाळीसचा, ती छत्तीसची. मूल झालं नाही. दोघांनी त्याबद्दल कुणाशी बोलणं काढलं नाही, म्हणून आम्हीही नाही.

बासष्ट-त्रेसष्टचा तो हिवाळा माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवतो. ख्रिसमसनंतर पडलेला बर्फ मार्चपर्यंत हलला नाही. जानेवारीत एकदा ऑलिव्ह शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता म्हणाली, "बाई, रात्री आमच्या उशीवर बर्फ पडला."

"खिडकी उघडी राहिली होती का?"

"खिडकी कशाला लागते? खांबाच्या कडेला बोट घाला, बोट बाहेर दिसतं. रूबेनला सांगितलं तर म्हणतो, घराला श्वास घ्यायला लागतो. म्हटलं, अरे, घराचा श्वास तुला ऐकू येतो आणि माझा खोकला नाही ऐकू येत होय?"

आम्ही हसलो. पण तो खोकला मीही ऐकत होते. मेपर्यंत तो गेला नाही.

त्या उन्हाळ्यात रूबेनने घर बंद केलं. बंद केलं म्हणजे चारी बाजूंनी खांब-तुळया, कूड, सगळ्यावर डांबरी कागद मारला, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी ठोकली आणि वर सिमेंटचा गिलावा चढवला. असं करणारा तो एकटा नव्हता. त्या दहा वर्षांत आमच्या भागातली निम्मी लाकडी घरं सिमेंटच्या आड गेली. चुना दर काही वर्षांनी लावावा लागतो, सिमेंट एकदाच. चुना जुन्या काळाचा, सिमेंट नव्या. दुकानदाराने तेच सांगितलं, गवंड्यानेही तेच सांगितलं, आणि मलाही ते पटलं होतं. कुणीही मूर्ख नव्हतं.

मागच्या आणि बाजूच्या भिंती त्याने नुसत्या सपाट केल्या. पुढच्या भिंतीच्या वेळी ऑलिव्ह पुढे सरसावली. आमच्याकडे ओल्या गिलाव्यावर नक्षी ओढायची जुनी रीत आहे. गावातल्या दोन-तीन घरांवर वेली आणि दोरखंडाचे पीळ दिसतात. शहरातून आलेल्या ऑलिव्हला त्यांचं फार अप्रूप होतं. तिने बिस्किटांच्या डब्याचं झाकण कात्रीने कापून एक फणी केली. रूबेन शिडीवरून गिलावा मारत पुढे जाई आणि ती मागून फणी अर्धगोल फिरवत येई. एकाखाली एक, माशाच्या खवल्यांसारखे पंखे. सिमेंटला वाट बघणं माहीत नसतं, त्यामुळे दोघं एकमेकांवर ओरडत होते. मी चौथीच्या वर्गाला घेऊन बघायला गेले होते.

"जरा दम धर की, माणसा! माझा हात काय यंत्र आहे?"

"मी दम धरीन गं. सिमेंट नाही धरणार."

खालच्या दोन खिडक्यांच्या मधल्या चौकटीत तिने पंखे काढले नाहीत. तिथे एक कोंबडी काढली, आणि मागे पिल्लं. सात काढायची होती. सहा झाली, आणि सातव्याचं डोकं होईपर्यंत गिलावा दगड झाला. गावाने ते लगेच उचललं. "काय ऑलिव्ह, सातवं अंड्यातून बाहेर आलं का?" असं पोस्टमन विचारायचा. ती म्हणायची, "बापावर गेलंय. सावकाश येईल."

त्यानंतरच्या डिसेंबरात एका सकाळी ती स्वयंपाकघरात शिरली ती थेट माझ्याकडे आली. "बाई, काल मी झोपताना मोजे काढले," म्हणाली. सोळा हिवाळे ती त्या घरात उबेत राहिली. एकोणऐंशीच्या वसंतात ती छातीच्याच दुखण्याने गेली.

त्यानंतरचा रूबेन मला नीट सांगता येणार नाही, कारण तो होता तसाच राहिला आणि तेच बघवत नसे. पाव आणि चीज तो दोन जागी कापून ठेवी, मग दुसऱ्या जागेचं संध्याकाळी खाई. रेडिओवर समुद्रावरच्या हवामानाचं वृत्त लावी. समुद्र आमच्यापासून तीस मैल. वर्षातून एकदा, ईस्टरच्या आदल्या शनिवारी, तो बादली आणि मऊ ब्रश घेऊन पुढची भिंत धुवायचा. पंख्यांच्या खाचांतलं शेवाळ काढायचा. त्या दिवशी त्याच्याशी कुणी बोलायला जात नसे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दर गुरुवारी त्याच्याकडे वाचनालयाची पुस्तकं घेऊन जाऊ लागले. त्याला घोडेस्वारांच्या गोष्टी लागत. वाचून झाल्यावर तो एवढंच सांगे: "घोडा चांगला होता."

अठ्ठ्याऐंशीच्या मेमध्ये अशाच एका गुरुवारी आम्ही चहा पीत बसलो होतो. दुपार होती, बाहेर चांगलं ऊन. रूबेनने तोंडातला पाइप काढला आणि टेबलाच्या पायावर पाच-सहा वेळा भराभर आपटला. मग बोट वर करून मला गप्प राहायला सांगितलं. पुढच्या भिंतीतून उत्तर आलं. टक टक टक टक टक.

"शेजारी," तो म्हणाला.

"कोण शेजारी?"

"दोन वर्षं झाली येऊन. आधी एकटाच होता. आता कुटुंब झालंय वाटतं. खिडकीखालून एक बोलतो, दाराकडून दुसरा."

"आणि हाक मारली की ओ देतात?"

"ऑलिव्हपेक्षा लवकर. तिला दोनदा हाक मारावी लागायची." आणि तो हसला. कितीतरी महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

मला हसता आलं नाही. चाळीस वर्षं मी मुलांना निसर्ग शिकवला होता. ती टकटक ओक पोखरून राहणाऱ्या एका किड्याची; वसंतात जोडीदाराला हाक मारण्यासाठी तो डोकं लाकडावर आपटतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्या त्याला मरणाचा निरोप म्हणतात. ते मी मानत नाही. पण कोरड्या ओकला तो शिवत नाही, हे मला माहीत होतं. कप ठेवायच्या निमित्ताने उठले आणि खिडकीखाली आतल्या भिंतीला हात लावला. मेच्या उन्हात ती भिंत मासळीसारखी गार आणि ओली होती.

"रूबेन, पलंगाखाली ठोकळे किती आहेत हल्ली?" मी विचारलं. त्या घरातल्या प्रत्येक फर्निचरच्या उतारावरच्या पायाखाली ठोकळे असायचे.

"दोन होते. हिवाळ्यात तिसरा घातला."

"चुलीच्या बाजूला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाला. "रस्त्याच्या बाजूला."

चारशे वर्षं चुलीकडे उतरणारं घर आता पुढच्या भिंतीकडे उतरू लागलं होतं. ते त्याला कळलं नसेल असं मी मानत नाही. बाहेर आल्यावर मी ट्रेव्हर बॉल्ड्रीकडे गेले. ट्रेव्हर माझा जुना विद्यार्थी, चाळिशीचा, अशाच जुन्या घरांच्या चौकटी दुरुस्त करतो. त्याला म्हटलं, माझं नाव घेऊ नकोस.

शनिवारी तो रूबेनच्या दारात उभा राहिला. मी कुंपणाशी फुलं बघण्याचं सोंग करत होते.

"अंडी हवी होती, आजोबा."

"तुझ्या बायकोने दहा कोंबड्या पाळल्यात. परवा मलाच अंडी देऊन गेली."

"त्या रुसल्यात."

"शाळेत असल्यापासून तू खोटं बोललास की मानेपर्यंत लाल होतोस. बाईंना सांग, फुलं रस्त्याच्या पलीकडे जास्त आहेत. ये आत. दोघं या."

ट्रेव्हरने फार वेळ घेतला नाही. खिडकीखालच्या भिंतीला आतून, अगदी जमिनीलगत, एक लांब स्क्रूड्रायव्हर लावला आणि तळव्याने दाबला. ठोकला नाही, दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढल्यावर टोकाला काळं काहीतरी चिकटलं होतं. आणखी चार ठिकाणी तेच झालं. दाराजवळ एका जागी तो अर्धाच गेला तेव्हा ट्रेव्हर म्हणाला, "हा खांब आहे अजून."

"बोल," रूबेन म्हणाला.

"सिमेंटला केसासारख्या चिरा पडतात. पाऊस आत शिरतो. चुना असता तर वाऱ्याने बाहेर आला असता, ह्यातून येत नाही. खाली जाऊन तुळईवर बसतो." ट्रेव्हर सांगत होता मला, कारण रूबेनकडे बघून त्याला सांगवत नव्हतं. "पुढची खालची तुळई संपली आहे. खांब लोंबकळताहेत, उभे नाहीत. सिमेंट उतरवायला लागेल, सगळं. मग नवी तुळई. पण हिवाळ्याच्या आत."

"पुढचंही?"

"पुढचंच आधी, आजोबा."

"आणि नाही उतरवलं तर?"

"तर ते आपलं आपण उतरेल. वरच्या खोलीसकट."

रूबेनने फडताळ उघडलं. "अंडी किती देऊ?" म्हणाला.

ट्रेव्हरने सहा अंडी घेतली आणि गेला. पुढच्या गुरुवारी रूबेनने पुस्तकं माझ्या हातून दारातच घेतली. "चहा संपलाय," म्हणाला. मागे टेबलावर किटलीतून वाफ येत होती. त्याच्या पुढच्या गुरुवारीही चहा संपलेला होता. गावाला तोवर सगळं कळलं होतं, आणि गावाने नेहमीप्रमाणे दोन मतं करून घेतली: एक, म्हाताऱ्याला कोंबडीपायी मरायचं असेल तर मरू द्या, दोन, बाईंना नसत्या उठाठेवी. दोन्ही मतं मला रात्री झोपू देत नव्हती. माझ्या सांगण्यावरून एका माणसापुढे हे येऊन पडलं होतं. बायकोचा हात जिथे उरला होता ती भिंत ठेवायची, की घर ठेवायचं.

जूनच्या शेवटी एका सकाळी माझं दार वाजलं. इतक्या वर्षांत रूबेन माझ्या घरी कधी आला नव्हता. तो उंबऱ्याबाहेर उभा, डोकं उघडं, टोपी उलटी करून दोन्ही हातांत धरलेली. वाटलं, कोंबडीची पिल्लं आणली आहेत.

टोपीत माती होती. माती नव्हे; मी बोट लावलं तेव्हा कळलं. गडद तपकिरी, ओला भुगा, ख्रिसमसच्या केकसारखा. त्यात एक लाकडी खुंटी, अजून शाबूत.

"मागची भिंत फोडली," तो म्हणाला. "उत्तरेची. तिथे तिची नक्षी नाही. म्हटलं, ट्रेव्हरला खोटा पाडू. ओक हाताने निघाला, बाई. फावडंसुद्धा लागलं नाही. हाताने."

"आत या, रूबेन."

"नाही, पाय चिखलाचे आहेत." तो तिथेच उभा राहिला. "चाळीस वर्षं मी लोकांच्या शेतातलं पाणी बाहेर काढलं. आणि माझ्या घरात कोंडून ठेवलं. मी. ज्याला कळतं त्यानेच."

"तेव्हा सगळ्यांनीच केलं. मलाही चांगलंच वाटलं होतं."

"तुम्ही चर काढत नव्हतात."

तो खुंटी बोटांत फिरवत राहिला.

"मी भिंतीसाठी अडून बसलोय असं वाटतं ना सगळ्यांना? कोंबडीसाठी?"

"वाटतं."

"ती म्हणाली होती, थंडी वाजते. एवढंच म्हणाली होती. बाकी सगळं मी केलं. पण भिंत उतरवली की गाव काय म्हणेल? चारशे वर्षांचं घर, गॅरडच्या बायकोला थंडी वाजली म्हणून कुजलं. माझं म्हणतील ते म्हणू देत. तिचं कशाला?" त्याचा आवाज नेहमीइतकाच होता, फक्त दर शब्दानंतर तो थांबत होता. "ती असती तर तिने स्वतःलाच बोल लावला असता. बरं झालं, ती नाहीये."

मी त्याला सांगितलं की गावात असं कुणी म्हणणार नाही. तो म्हणाला, "बाई, तुमचंही खोटं कळतं." मग टोपीतला भुगा त्याने माझ्या गुलाबाच्या बुंध्याशी नीट ओतला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "ट्रेव्हरला सांगा, ये म्हणून. पुढच्या भिंतीला मात्र त्याने हात लावायचा नाही. ती मी उतरवणार."

जुलैत काम सुरू झालं. ट्रेव्हर आणि त्याच्या दोन माणसांनी आधी घराला आतून-बाहेरून जाड ओंडक्यांचे टेकू दिले, इतके की घरातून चालताना वाकून जावं लागे. रूबेन छिन्नी-हातोडा घेऊन डाव्या कोपऱ्यात, सगळ्यात खालच्या पंख्यापाशी बसला. वय ऐंशी. ट्रेव्हरने त्याला गादीचा तुकडा आणून दिला, तो त्याने बाजूला सारला.

पहिल्या घावाला त्याने फार जोर लावला होता. सिमेंट फुटेल, झुंजेल, हात दुखवेल, अशा तयारीने. पण आतली जाळी गंजून गेली होती आणि धरून ठेवायला मागे काही उरलं नव्हतं. एक कुर्र आवाज झाला आणि टेबलाएवढा पापुद्रा, पाच पंख्यांसकट, सुटून त्याच्या मांडीवर आला.

तो हातोडा खाली ठेवून त्या पापुद्र्याकडे बघत राहिला.

"इतकी सैल?" तो म्हणाला. "कधीपासून?"

ट्रेव्हरने ऐकलं नाही असं दाखवलं आणि माणसांना मागच्या अंगणात पाठवलं. मला वाटतं, त्या दिवशी रूबेनला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. भिंत नऊ वर्षं धुतली, पुसली, आणि ती नुसती टेकून उभी होती.

त्याला बारा दिवस लागले. रोज तीन-चार तास, मग अंगणातल्या ओंडक्यावर बसून पाइप. निघालेला प्रत्येक तुकडा तो स्वतः ढकलगाडीने खालच्या शेताच्या फाटकाशी नेई. तिथे ट्रॅक्टर रुततो; आमच्याकडे घराचा पडका माल फाटकातल्या चिखलात घालायची पद्धत आहे, आणि सिमेंटचे तुकडे टाकून द्यावेत असं कुणाच्याच मनात येत नाही. एकदा मी तिकडून गेले तेव्हा पाहिलं. प्रत्येक तुकडा त्याने नक्षी खाली करून बसवला होता.

शेवटी दोन खिडक्यांच्या मधली चौकट राहिली. ट्रेव्हर सकाळीच प्लायवूडची मोठी फळी, घोंगड्या आणि पट्टे घेऊन आला होता. रात्रभर विचार केलेला दिसत होता.

"आजोबा, हे अख्खं काढतो. पुढून फळी, मागून फळी, मध्ये घोंगडी. चार जणं लागतील. कोंबडीला ओरखडाही येणार नाही."

"आणि ठेवू कुठे?"

"धान्याच्या कोठारात. भिंतीला टेकवून. कधीही जाऊन बघता येईल."

रूबेनने विचार केला. खरंच केला, मी त्याचा चेहरा बघत होते. "भिंतीवर होती तोवर कोंबडी होती," तो म्हणाला. "कोठारात ठेवली की दगड. मी दगडाला भेटायला कोठारात जायचो, म्हणजे मग मला नक्की वेड लागलं म्हणतील." मग ट्रेव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. या माणसाने कुणाच्या अंगाला हात लावलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. "चांगलं सुचलं होतं, पोरा. जा, जेवून या सगळे. बाईंनाही ने. तासाभराने या."

आम्ही पबमध्ये गेलो. ट्रेव्हरने जेवण मागवलं आणि खाल्लं नाही. तासाभराने परत आलो तेव्हा खिडक्यांच्या मध्ये जुना कूड उघडा होता, हेझलच्या काळ्या काटक्या आणि माती, आणि ढकलगाडी जागेवर नव्हती. रूबेन फाटकाकडून सावकाश चालत येत होता.

पुढचं काम ट्रेव्हरचं. कुजलेली तुळई तुकड्यातुकड्याने निघाली. किड्यांसकट ते तुकडे त्याने अंगणात जाळले. नवा ओक, अजून आंबट वासाचा, जोत्यावर निजवला. खांबांचे कुजलेले पाय कापून खाली नवे जोडले. ओंडके काढले त्या दिवशी घराने तीन-चार मोठे आवाज केले आणि सगळे अंगणात पळाले. रूबेन तेवढा आत बसून राहिला. कूड पुन्हा लिंपला, वर चुना आला. गिलावा करणाऱ्या माणसाने फणी काढून विचारलं, "पंखे काढू का? गावात म्हणतात, इथे पंखे होते."

"साधी ठेव," रूबेन म्हणाला.

गाव आता म्हणू लागलं की घर किती देखणं दिसतं. तसं ते दिसत होतंच. खांब इतक्या वर्षांनी उजेडात आले होते, राखाडी, रुंद, आणि मधला चुना सायीसारखा. रस्त्याने जाणाऱ्या मोटारी थांबत. एका बाईने फोटो काढला आणि रूबेनला विचारलं, हे पहिल्यापासून असंच आहे का? तो हो म्हणाला. त्याने ते मला गुरुवारी सांगितलं आणि म्हणाला, "काय सांगायचं होतं तिला?"

जानेवारीत मी गेले तेव्हा पूर्वेचा वारा होता. नवा ओक वाळत होता, खांबांच्या कडांना पुन्हा फटी पडल्या होत्या. ट्रेव्हरने वसंतात त्या भरायचं कबूल केलं होतं. खिडकीचा पडदा बंद खिडकीशी हलत होता. रूबेन ओव्हरकोट आणि टोपी घालून चुलीशी बसला होता. मी हातमोजे न काढता चहा घेतला.

"ऑलिव्ह असती तर आज मला सोलून काढलं असतं," तो म्हणाला.

"नक्कीच."

त्याने पाइप काढला, भरला नाही. "बाई, शाळेत तुम्ही रोज तिच्याबरोबर असायचा. दहा-बारा वर्षं."

"तेरा."

"काय म्हणाली असती, सांगा ना. आत्ता, ह्या वाऱ्यात. मला शब्द येतात, पण सगळे माझ्याच आवाजात येतात."

मी कप खाली ठेवला. ऑलिव्हचं बोलणं मला चांगलं आठवत होतं, निदान आठवतंय असं वाटत होतं. ती वाक्य सुरू करायच्या आधी नाकातून श्वास सोडायची, तोही मी सोडला. मग म्हणाले, "रूबेन गॅरड, ह्या घरात राहायचं तर माणसाने मेंढी होऊन यावं."

शब्द वाईट नव्हते. तिला शोभले असते. पण माझ्या तोंडून ते चाळीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिलेल्या बाईंच्या आवाजात बाहेर पडले, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातील असे.

रूबेन ऐकत होता, मान एका बाजूला करून. मग त्याने हळूच डोकं हलवलं.

"छे," तो म्हणाला. "तसं नाही." आणि मला वाईट वाटू नये म्हणून घाईने म्हणाला, "पण जवळ आलात."

तो एरवी चार वाजले की "चला, बाई, अंधार पडेल" म्हणून मला उठवायचा. त्या दिवशी चार वाजले, साडेचार झाले, खिडकीतला उजेड गेला. त्याने मला उठवलं नाही, म्हणून मी बसून राहिले.